१ रुपयापासून लिलाव लावा म्हणणाऱ्यांसाठी

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागं तुमच्या रविवारच्या पुरवणीत एक लेख आला होता, घरातल्या जुन्या वस्तू ऑनलाइन लिलावात कशा विकायच्या त्याचा, तो मी कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. आता काढलाय. त्यात लिहिलं होतं की वस्तू १ रुपयापासून लावा, लोकांची झुंबड उडते, बोली आपोआप चढते आणि खरा भाव हातात पडतो. मी तसंच केलं बघा. सासूबाईंचं सिंगरचं शिलाई मशीन, पायानं चालवायचं, बिडाच्या स्टँडसकट, गेलं ९५० रुपयांना. भंगारवाला ८०० देत होता, आणि तो जिन्यावरनं उतरवून पण नेणार होता.

म्हणून हे पत्र. मी मंगळवार पेठेत राहते, घरीच ब्लाऊज, फॉल-पिको, लहान पोरींचे फ्रॉक असं शिवते, पंचवीस वर्षं झाली. (आम्ही कोल्हापूरच्या बायका बोलताना 'मी गेलो, मी शिवतो' असंच बोलतो, पत्र छापायचंय म्हणून जरा सुधारून लिहिलंय, कुठं चुकलं तर तुम्ही बघा.) दिवाळीनंतर मोटारीचं मशीन घेतलं, खोली दहा बाय दहाची, त्यात दोन मशीन, कपाट आणि शिलाईचे गठ्ठे, मग जुनं काढायचं ठरलं. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली होती. आमचे हे म्हणाले राहू दे की कोपऱ्यात, पण कोपरा असायला पाहिजे ना!

आता मशीनबद्दल थोडं सांगते कारण त्या लेखात वस्तू म्हणजे नुसती 'वस्तू' होती, ती फ्रीज असो नाहीतर मशीन. सिंगरच्या बैठकीवर उजव्या हाताला एक नंबर कोरलेला असतो, पुढं इंग्रजी अक्षर. आमच्याचा वाय. भाच्यानं नेटवर शोधून काढलं की वाय म्हणजे स्कॉटलंडच्या क्लाइडबँकच्या कारखान्यातलं, १९३५ पर्यंतचं. तो कारखाना १९८० ला बंद पडला पण तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव अजून सिंगरच आहे म्हणे. हे वाचल्यावर आम्हाला दोघांनाही वाटलं आता लाख कुठं गेले नाहीत. नंतर कळलं की त्या एका कारखान्यातनं भरात असताना वर्षाला दहा लाखांच्या वर मशीनं बाहेर पडत होती. म्हणजे जुनं आहे पण दुर्मिळ अजिबात नाही. आजी जुनी असते म्हणून प्रत्येकाच्या घरात नसते काय?

विकायच्या आधी स्वच्छ करायला घेतलं आणि इथं पहिला घोटाळा माझ्या हातनं झाला. सासूबाई मशीनला खोबरेल तेल घालायच्या, केसाला तेच आणि मशीनला तेच. खोबरेल थंडीत गोठतं आणि वर्षानुवर्षं साठलं की त्याचा पिवळा चिकटा होतो, चाक फिरवायला गेलं की पीठ मळल्यासारखं जड. पूर्वी मिस्त्री रॉकेलनं धुवायचे, आता रॉकेल मिळतंय कुठं, म्हणून मी मेडिकलमधनं स्पिरिट आणलं. आतला चिकटा मस्त निघाला. मग मला जोर चढला, म्हटलं वरनं पण चकाचक करू, आणि कापसाचा बोळा काळ्या अंगावरनं फिरवला तर बोळा एकदम तपकिरी सोनेरी. बघते तर सोन्याची वेलबुट्टी निम्मी बोळ्यावर. त्या नक्षीवर लाखेचा थर असतो, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, सुतार पॉलिशसाठी चपडा, म्हणजे लाखच, स्पिरिटमध्येच तर भिजवतोय, हे मी डोळ्यांनी शंभर वेळा बघितलंय पण त्या टायमाला डोक्यात आलं नाही. सिंगरमधलं शेवटचं अक्षर पण पुसट झालं. ज्यांच्याकडं असं काळं मशीन आहे त्यांनी वरनं नुसतं मशीनचं तेल मऊ कपड्यानं लावावं, स्पिरिट, थिनर काही नको.

भाच्यानं फोटो काढले, साइटवर घातलं, सात दिवसांचा लिलाव, सुरुवात १ रुपया, एकेक पायरी ५० रुपयांची. साइटचं नाव लिहीत नाही, दोष तिचा नाहीच. आपल्याकडं बऱ्याच साइट नुसत्या जाहिरातीच्या असतात, तुम्ही किंमत टाकायची आणि समोरचा निम्म्यानं मागणार. ईबेवर भारतात खरा लिलाव व्हायचा पण ते दुकान ऑगस्ट २०१८ ला बंद झालं. तर ही साइट खऱ्या लिलावाची होती एवढंच.

पहिल्या दिवसापासनं फोन सुरू. पहिला प्रश्न ठरलेला, मशीन पुरात होतं काय. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर बाहेरच्या माणसाला कोल्हापूर म्हटलं की सगळं गाव पाण्याखाली दिसतं. मंगळवार पेठेत पाणी येत नाही ओ, आलं तर महालक्ष्मीच्या पायऱ्या पण भिजतील, असं मी दोघातिघांना सांगितलं. पण प्रश्न चुकीचा नाही, पुरातल्या बिडाला वरनं रंग मारून विकणारे आहेतच.

मग एकाचा फोन, आवाज एकदम हळू, जसं काय सोनं विचारतोय. ताई, मशीनवर मोबाइल धरला की रेंज जाते काय? मी म्हटलं आमच्या खोलीत तशी पण जाते. मग त्यानं हळूच सांगितलं की जुन्या सिंगरमध्ये लाल पारा असतो आणि त्याला कोटीत गिऱ्हाईक आहे. भाचा हसून गडाबडा लोळला. ही अफवा सौदी अरेबियात २००९ ला उठली होती, लोकांनी जुन्या सिंगर मशीनसाठी लाखो रुपये मोजले, मोबाइल धरून तपासायचं हे पण तिथलंच. लाल पारा बिरा काही नसतं, बीड, पोलाद आणि आमच्या मशीनमध्ये खोबरेल. तुमच्या वाचकांपैकी कुणाला असा फोन आला आणि 'तपासणी फी' मागितली तर द्यायची नाही.

तिसरा फोन त्याहून वाईट. मी फौजी आहे, पोस्टिंगवर आहे, बघायला येत नाही, पूर्ण पैसे आत्ता पाठवतो, लिलाव बंद करा, आणि एक क्यूआर कोड पाठवला, म्हणे स्कॅन करून पिन टाका की तुमच्या खात्यात जमा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन लागतो तो द्यायला. हे मला माहीत होतं कारण गल्लीतल्या एका बाईंचे असेच गेलेत. गेलेच कुणाचे तर १९३० नंबरला लगेच फोन करायचा, दोन दिवस रडून मग नाही.

लेखात ह्यातलं काही नव्हतं, असो. मुद्द्यावर येते.

सात दिवसांत बघून गेलेले लोक भरपूर, बोली लावणारे किती, तर दोन. लिलाव संपला रविवारी दुपारी अडीचला, कारण भाच्यानं मागच्या रविवारी दुपारी अडीचला बटण दाबलं होतं. रविवारी अडीचला कोल्हापुरात कोण जागं असतं साहेब? तांबडा-पांढरा ओरपून सगळं गाव आडवं. आकडा ९५० ला थांबला तो थांबलाच.

बुधवारी पुण्याहून एक गृहस्थ टेम्पो घेऊन आले, कॅफे काढलाय म्हणाले, भला माणूस होता, चहा घेतला, आणि बोलता बोलता सहज म्हणाले, "ताई, मी पाच हजारांपर्यंत लावलं होतं, साडेनऊशेत मिळालं, नशीब माझं." माझ्या हातातली बशी तशीच राहिली.

हे कसं होतं ते मला भाच्यानं त्या रात्री कागदावर काढून दाखवलं, ते इथं लिहिते कारण माझ्यासारख्या बऱ्याच जणांना माहीत नसणार. अशा लिलावात बोली लावणारा आपला जास्तीत जास्त आकडा गुपचूप साइटला सांगून ठेवतो. साइट त्याच्या वतीनं लागेल तेवढंच चढवते. ह्यांनी सांगून ठेवले ५०००, दुसऱ्यानं ९००, मग साइटनं ह्यांचे ९०० वर एक पायरी चढवली, ९५०, आणि दुसरा गप्प बसला, संपलं. म्हणजे विकणाऱ्याला भाव मिळतो तो दोन नंबरच्या माणसाच्या खिशावर, एक नंबरच्या नाही. एक नंबरवाला पन्नास हजार मनात धरून बसला तरी तुम्हाला ९५०च. भाचा म्हणाला आत्या ह्यावर एका प्रोफेसरला नोबेल मिळालंय, विल्यम विकरी, १९९६ ला, आणि बिचारे नाव जाहीर झाल्यावर तीन दिवसांत वारले. मी म्हटलं त्यांनी पण १ रुपयापासून लावलं असेल काहीतरी.

आता मी सौदे न बघितलेली बाई नव्हे. माझं माहेर करवीर तालुक्यातलं, वडलांचं गुऱ्हाळ होतं, लहानपणी गुळाच्या गाडीवर बसून मी शाहू मार्केट यार्डात सौद्याला गेलीय. तिथं रव्यांची, म्हणजे गुळाच्या ढेपांची, थप्पी लावलेली असते, व्यापारी घोळक्यानं एका थप्पीवरनं दुसऱ्या थप्पीवर जातात, एकजण रवा फोडून रंग बघतोय, एकजण चिमूट तोंडात टाकतोय, आणि बोली सुरू झाली की सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत असतात. तिथं १ रुपयापासून लावलं काय आणि १०० पासून लावलं काय, फरक पडत नाही, कारण आठ-दहा गिऱ्हाईकं समोर उभी आहेत, सगळ्यांना गूळ पाहिजेच आहे, गुजरातला माल पाठवायचाय, भाव आपसूक त्याच्या जागेला जातो. दुसरा नंबर आणि पहिला नंबर यात पाच-दहा रुपयांचा फरक. आणि भाव पाडला असं वाटलं तर शेतकरी सौदा बंद पाडतात, हे तर तुमच्याच पेपरात दर हंगामाला छापून येतं.

शिलाई मशीनला गिऱ्हाईक किती? आख्ख्या राज्यात त्या आठवड्याला जुनं पायमशीन शोधणारे, त्यातले लिलावाच्या साइटवर येणारे, त्यातले कोल्हापूरहून नव्वद वर्षांच्या वरचं बीड उचलून न्यायला तयार असणारे, उरले दोन. दोन माणसांचा लिलाव म्हणजे लिलाव नव्हेच. गर्दी असेल तर १ रुपया चालतो, नवा मोबाइल लावा, नाणी लावा, चालेल. जिथं गर्दी नाही तिथं सुरुवातीचा आकडा हीच तुमची किंमत, वर काही मिळालं तर देवाची कृपा. एवढं एक वाक्य लेखात पाहिजे होतं.

आणि दुसरं, यार्डात एक वार, दोन वार, तीन वार म्हणतात, मध्ये कुणी बोललं की परत पहिल्यापासनं. अमेझॉनच्या जुन्या लिलावात पण शेवटी बोली आली की दहा मिनिटं वाढायची असं भाचा सांगतो. पण बऱ्याच साइटवर घड्याळ म्हणजे घड्याळ. मुरलेले लोक शेवटच्या दहा सेकंदाला येऊन बोली टाकतात, समोरच्याला विचार करायला टाइमच देत नाहीत. म्हणून लिलाव संपायची वेळ ही मुहूर्तासारखी बघून ठरवायला पाहिजे, रात्री नऊ-साडेनऊ, जेवणं झाल्यावर, आणि सुट्टीच्या दुपारी मुळीच नको.

तर त्या पुण्याच्या साहेबांचं पुढं ऐका. ९५० दिले, शब्द दिला होता म्हणून मी पण घासाघीस केली नाही. टेम्पोवाल्यानं स्टँड उचलला, आणि वरचं मशीन दोन स्क्रू ढिले करून हे साहेब माझ्या हातात देतात! "हे राहू दे तुम्हालाच, मला वर काच टाकून टेबल करायचंय." मी तिथं उंबऱ्यात १२-१३ किलोचं मशीन पोटाशी धरून उभी, पोर धरल्यासारखी. बोलायला काही सुचलं नाही. जास्त पैसे दिले तो जिंकला, तो टाका घालणार की त्याच्यावर कॉफी ठेवणार, ते लिलावात कुठं विचारत नाहीत. मला राग आला काय? आला थोडा. पण मशीन परत आलं ह्याचा आनंद जास्त झाला हे पण खरं.

मग दुसऱ्यांदा आम्ही नीट केलं. पायमशीनच्या वरच्या चाकाला आरे असतात, त्यात हँडलचा जोड बसतो, तो सेकंडहँड मिळाला, उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये बूश करून घेतला, झालं हातमशीन. वेलबुट्टी माझ्या हातनं पुसली गेलीय हे पहिल्या ओळीत लिहिलं. भाचा म्हणाला ईबे १९९५ ला निघालं तेव्हा तिथं पहिली वस्तू विकली गेली ती मोडका लेझर पॉइंटर, मोडका म्हणून सांगूनच, १४.८३ डॉलरला. मग आपली तर नुसती नक्षी गेलीय. उलटा टाका येत नाही हे लिहिलं. मापाची पट्टी बाजूला ठेवून फोटो. आणि मुख्य म्हणजे टाक्याचा फोटो, पांढऱ्या पॉपलिनवर वरनं लाल दोरा, बॉबिनला निळा, आणि कापड उलटं करून पण. टेन्शन बिघडलं असेल तर खालच्या बाजूला वरच्या दोऱ्याचे फासे पडतात, शिवणाऱ्या बाईला एका नजरेत कळतं. शेजारी जीन्सच्या चार घड्यांवर मारलेली एक ओळ. हे फोटो बघून फोन करणारी माणसंच बदलली. लाल पारावाला नाही, फौजी नाही, सगळ्या शिवणाऱ्या बायका. बॉबिन गोल की लांबडी, ही विचारणारी बाई म्हणजे खरं गिऱ्हाईक, कारण गोल बॉबिन आणि केस उषाची, लुधियानाची चालते, कुठल्याही दुकानात मिळते, जुन्या होडीसारख्या शटलचे पार्ट मात्र शोधत बसावं लागतं. आमची गोल.

सुरुवात २५०० पासून. त्याच्या खाली मी दिलंच नसतं, मग तिथनंच लावायचं. भाचा म्हणत होता एक गुप्त राखीव किंमत पण ठेवता येते, ती गाठली नाही तर विक्री होत नाही, पण मला ते लपवाछपवीचं वाटलं, जे काय ते समोर. तिघींनी बोली लावली, सोमवारी रात्री नऊला ४१०० ला थांबलं, नाशिकच्या बाई, गोधड्या शिवतात. नुसतं वरचं मशीन, नक्षी पुसलेलं, ४१००! स्टँडसकट होतं तेव्हा ९५०. भाचा मला आवरतो, आत्या दोन्ही लिलाव सारखे नव्हते, फोटो चांगले होते, हँडल होतं, नशीब पण होतं. असेल. पण १ रुपयानं ह्यातलं काय दिलं असतं ते त्यानं सांगावं.

पाठवायचं पण सांगून टाकते. बीड दिसायला दणकट असतं पण पडलं की काचेसारखं तुटतं, वाकत नाही. चाक आणि हँडल काढून वेगळं गुंडाळलं, सुई काढली, कापड दाबणाऱ्या फुटाखाली कापडाची घडी देऊन फूट खाली सोडला, वरची रिळाची काडी काढली कारण पहिली तीच मोडते, मग चिंध्या गच्च भरून एक खोकं, त्याच्या बाहेर चारी बाजूंनी भुसभुशीत भरून दुसरं खोकं. चिंध्यांना आमच्याकडं तोटा नाही. कुरियरवाले नुसतं वजन बघत नाहीत, लांबी रुंदी उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५००० नं भागतात आणि जे जास्त येईल ते धरतात, म्हणून खोकं उगीच मोठं घेऊ नये. आमचं सुखरूप पोचलं, बाईंनी शिवतानाचा व्हिडिओ पाठवला, आवाज ओळखीचा, मी तीनदा ऐकला.

आता खरं काम. स्टँडच्या डाव्या ड्रॉवरमध्ये सासूबाईंची मापाची वही होती. लाल पुठ्ठ्याची, दोऱ्यानं शिवलेली, आख्ख्या पेठेतल्या बायकांची मापं त्यात, काही तर आता हयात पण नाहीत, आणि पहिल्या पानावर माझं लग्नातल्या ब्लाऊजचं माप, बाही सहा इंच. मी दोन ड्रॉवर रिकामे केले आणि तिसरा विसरले. पुण्याच्या त्या साहेबांचा फोन आता लागत नाही, नंबर बदलला असेल. तुमचा पेपर पुण्यात पण जातो म्हणून लिहिते की साहेब तुम्ही हे वाचलं तर टेबलाच्या डाव्या बाजूचा खालचा ड्रॉवर उघडून बघा, जरा जोरात ओढावा लागतो, लाकूड फुगलंय. वही पेपरच्या कोल्हापूर ऑफिसच्या पत्त्यावर पाठवली तरी चालेल, पोस्टाचा खर्च मी देते. टेबल तुमचंच.

आपली,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर
(नाव छापू नये ही विनंती, गल्लीत बायका मशीनची किंमत विचारून हैराण करतील.)